खंडाने दिलेले मैदान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीग ही देशातली अव्वल फुटबॉल लीग येत्या १४ फेब्रुवारी २०२६ पासून सुरू होणार, ही केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी ६ जानेवारीला केलेली घोषणा आपल्या क्रीडापानाच्या तळाशी दोन परिच्छेदांत वाचली. बातमी लहान होती म्हणून माझी तक्रार नाही. सांगलीत ती शेवटपर्यंत वाचणारे किती, हे मलाही ठाऊक आहे. पण जी लीग एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते ती यंदा फेब्रुवारीवर गेली आणि ती होणार की नाही हे सांगायला केंद्र सरकारच्या मंत्र्यांना पुढे यावे लागले, ही गोष्ट दोन परिच्छेदांत मावणारी नाही. ती थोडी विस्ताराने मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. निवृत्तीनंतरही रोज सकाळी मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यापलीकडे माझा कोणत्याही संघटनेशी, गटाशी किंवा पदाशी संबंध नाही.

जे घडले ते आपल्या भागातल्या शेतकऱ्याला चटकन समजेल असे आहे. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यावसायिक हक्क ७०० कोटी रुपयांना, १५ वर्षांसाठी, रिलायन्सच्या भागीदारीतील एका कंपनीला दिले. त्याच करारातून पुढे फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड ही कंपनी लीग चालवू लागली, ऑक्टोबर २०१४ मध्ये ८ संघांची इंडियन सुपर लीग उभी राहिली आणि महासंघाच्या तिजोरीत अलीकडे वर्षाला ५० कोटी रुपये येत राहिले. आपल्याकडे याला जमीन खंडाने देणे म्हणतात. मालकाला ठरलेला खंड वर्षाच्या वर्षाला घरपोच मिळतो, त्यामुळे शिवारात काय पेरले, पाणी किती दिले, बांध कुठे सरकला, हे बघायला तो जात नाही. खंड वेळेवर येतो तोवर त्याला आपण मोठे बागाईतदार आहोत असेच वाटत असते. पंधरा वर्षांनी खंडकरी मुदत संपली म्हणून बाजूला होतो, तेव्हा घरात औत धरणारा माणूस उरलेला नसतो आणि बैलही केव्हाच विकलेले असतात.

महासंघाचे नेमके हेच झाले. देशाची अव्वल लीग भरवणे हे कोणत्याही फुटबॉल महासंघाचे पहिले काम, आणि ते काम आपल्याला स्वतःच्या बळावर करता येते का, याची परीक्षा द्यायची वेळ त्याच्यावर पंधरा वर्षांत आली नाही. त्या कंपनीला मी दोष देणार नाही. तिने कराराप्रमाणे पैसे दिले, टीव्हीवर सामने दाखवले, मैदानांवर दिवे लावले, आणि करार संपत आला तेव्हा ११ जुलै २०२५ च्या सुमारास क्लबांना कळवून टाकले की डिसेंबरनंतर आपले हक्क राहतील की नाही हे स्पष्ट नसल्याने हंगाम तूर्त थांबवत आहोत. त्यात बेकायदा काहीच नव्हते. आश्चर्य याचे वाटते की ८ डिसेंबर २०२५ ही मुदत करारावर सही झाली त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होती. सोसायटीचे कर्ज थकते तेव्हा शेतकरी पावसाकडे बोट दाखवतो आणि ते खरेही असते. येथे पाऊस नव्हता, दुष्काळ नव्हता, भिंतीवर टांगलेले कॅलेंडर तेवढे होते.

महासंघाची बाजू अशी की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असल्याने नवा करार करता येत नव्हता. हे अर्धेच खरे आहे, कारण प्रकरण न्यायालयात गेले ते संघटनेने आपले घर वेळेवर आवरले नाही म्हणून. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाची निवडणूक रद्द ठरवली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाची नवी घटना तयार करण्यासाठी दोघांची नेमणूक केली, आणि ती घटना अखेर मंजूर झाली १९ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या आठ वर्षांत आमच्या शाळेतली पाचवीची मुले बारावी होऊन बाहेर पडली. याच काळात, मे २०२२ मध्ये, मुदत उलटूनही पदावर राहिलेल्या पदाधिकाऱ्यांना न्यायालयाने दूर केले, कारभार प्रशासकांकडे गेला आणि बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून ऑगस्टमध्ये जागतिक फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फिफाने भारतावर बंदी घातली. ती ११ दिवसांत उठली, त्यामुळे आपण ती विसरूनही गेलो. परंतु गोकुलम केरळ संघाच्या मुली त्या वेळी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या होत्या. खेळायला गेलेल्या त्या मुलींना एकही सामना न खेळता परत यावे लागले. महासंघाच्या कोणत्या कलमात काय दुरुस्ती बाकी आहे, याच्याशी त्यांचा काय संबंध होता?

बंदी उठल्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये निवडणूक झाली आणि अध्यक्षपदासाठी कल्याण चौबे यांना ३३, तर बायचुंग भुतिया यांना १ मत पडले. दोघेही माजी खेळाडू, त्यामुळे कोण योग्य होते या वादात मी पडत नाही. मला मतांचा आकडा बोलका वाटतो. मतदार म्हणजे राज्य संघटनांचे प्रतिनिधी. आपल्याकडे सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून संपायच्या आत मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ अशा आरोळ्या उठतात, ताळेबंदाबद्दल प्रश्न विचारायला उभ्या राहिलेल्या सभासदाला शेजारचेच हात धरून खाली बसवतात, आणि काही वर्षांनी तोच कारखाना भाड्याने द्यायची पाळी आली की सगळे सभासद हळहळतात. सांगली-साताऱ्याच्या वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. नव्या घटनेत माजी खेळाडू, क्लब, पंच, प्रशिक्षक यांना सर्वसाधारण सभेत जागा मिळाली आहे, बढती आणि पदावनतीचा, म्हणजे तळाचा संघ खालच्या लीगमध्ये आणि तिथला अव्वल संघ वर, हा नियम आला आहे आणि अव्वल लीग महासंघाने स्वतः चालवावी असेही तीत आहे. ती १२ ऑक्टोबर २०२५ च्या विशेष सभेत स्वीकारली गेली. एकाच माणसाने राज्य संघटनेत आणि राष्ट्रीय महासंघात एकाच वेळी पदावर राहू नये, या कलमावर मात्र घासाघीस झाली. खुर्च्यांच्या प्रश्नावर हे लोक तारखेच्या आत जागे होतात, एवढे यातून कळले.

घटना आली, आता लीगला नवा खंडकरी मिळेल, अशा आशेने महासंघाने १६ ऑक्टोबरला निविदा काढली. वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये किंवा उत्पन्नाच्या ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे, मुदत १५ वर्षे. ७ नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा एकही निविदा आलेली नव्हती. चौकशी करून गेलेले होते, पाकीट कोणी टाकले नाही. माझ्या मते त्यात नवल नव्हते. पूर्वी दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींवर चढ बोली लावत, त्या नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झाल्या, म्हणजे बाजारात गिऱ्हाईक एकच उरले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली आणि खेळांना जाहिरातीचा पैसा पुरवणारी एक सबंध जमात बाजारातून उठून गेली. त्यात नव्या घटनेने चालकाचे अधिकार कमी केले, ते योग्यच केले, पण अधिकार कमी आणि तरीही खंड पूर्वीच्या पाऊणपट, असा व्यवहार कोण करील? गुऱ्हाळघर बंद पडत आलेले असताना मागच्या वर्षीच्या भावाच्या पाऊणपट भाडे मागण्यासारखे ते होते.

तेव्हा लीग होईल ती कशी, हेही पाहायला हवे. १४ क्लब, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचे, म्हणून एकूण ९१ सामने. एका संघाच्या वाट्याला १३. आशियाई महासंघाच्या क्लब स्पर्धांसाठी हंगामात किमान २४ सामन्यांची अट आहे, म्हणजे यंदा आपल्याला सवलत मागत फिरावे लागणार. केंद्रीय खर्चासाठी २५ कोटींची तजवीज सांगितली आहे आणि व्यावसायिक भागीदार नसल्याने त्यातला मोठा भाग महासंघाला स्वतः उचलावा लागणार आहे. एका अर्थाने ही बरीच गोष्ट झाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मालक स्वतः शेतात उतरतो आहे. मात्र तो हौसेने उतरलेला नाही, नाइलाजाने उतरला आहे, आणि पहिला खंडकरी भेटताच पुन्हा ओट्यावर जाऊन बसेल अशी मला भीती वाटते. मला या पत्रात खरे तर एवढेच म्हणायचे आहे की त्याने बसू नये.

या सहा-सात महिन्यांत क्लबांनी जे सोसले ते वर्तमानपत्रांत आलेच आहे. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेला हा समूह भारतात आला तेव्हा किती कौतुक झाले होते! आणि २ जानेवारीला सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनी चित्रफीत काढून थेट फिफाला हाक घातली की आमचे फुटबॉल वाचवा. छेत्रीसारख्या, देशाकडून शंभराहून अधिक सामने खेळलेल्या माणसाला काम मिळावे म्हणून असे बोलावे लागले. त्याहून वाईट दृश्य मी या खेळात पाहिलेले नाही.

पण मोठ्या खेळाडूंचे निदान ऐकले जाते. माझ्यासमोर रोज सकाळी जो उभा राहतो त्याच्याबद्दल लिहितो. तो माझा जुना विद्यार्थी, गोलरक्षक, वय २०. कुपवाडच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये रात्रपाळी करतो आणि पाळी सुटली की घरी न जाता सायकलवरून थेट मैदानावर येतो. गेल्या वर्षी परराज्यातील एका क्लबाच्या राखीव संघासाठी झालेल्या चाचणीत तो निवडला गेला. शिबिर ऑगस्टमध्ये सांगितले होते. मग सप्टेंबर झाला. मग ‘लीगचे ठरू द्या, कळवतो’ असा निरोप आला आणि त्यानंतर फोन उचलला गेला नाही. त्या क्लबाचाही मी राग धरत नाही. ज्याला आपलाच हंगाम कधी आहे ते माहीत नाही, तो दुसऱ्याला काय तारीख देणार? मुलाने मात्र ऑगस्टमध्ये काम सोडले होते आणि ऑक्टोबरमध्ये त्याच मालकाकडे कमी पगारावर पुन्हा उभे राहावे लागले. त्याच्या डाव्या ग्लोव्हचा तळव्याकडचा रबर सोलून निघाला आहे. तो त्याने पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला आहे आणि सराव संपला की दोन्ही ग्लोव्हज सायकलच्या हँडलला उलटे अडकवून वाळवत घरी जातो. नवे घे म्हटले तर म्हणतो, ‘सर, बोलावणं आलं की घेतो.’ मी त्याला दुसऱ्यांदा सांगितलेले नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत कोणाला नावे ठेवावीत अशी आपली स्थिती नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, दुसरा आलेला पुणे एफसी २०१५ मध्ये मिटला. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळला, डीएसके शिवाजीयन्स दोन, मुंबई एफसी २०१७ पर्यंत टिकला. या यादीतला प्रत्येक क्लब कोणा उद्योगाच्या मर्जीवर उभा होता आणि मर्जी संपली त्या दिवशी तो संपला. त्याच्या मागे गाव नव्हते, पेठ नव्हती, सभासद नव्हते. राहिला इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. त्याचा सामना दाखवायला २०१६ मध्ये मी शाळेची मुले एसटीने बालेवाडीला नेली होती. पहाटे निघून रात्री दोनला परतलो. सामना कसा झाला हे आज त्या मुलांनाही नीट सांगता येणार नाही, पण दिव्यांच्या उजेडात गवत किती हिरवे दिसते हे पाहून एक जण म्हणाला होता, ‘सर, हे खरं आहे का हो?’ येताना तिघा-चौघांनी नारिंगी जर्सी विकत घेतल्या. २०१९ मध्ये तो क्लब गेला, त्याची जागा हैदराबादने घेतली आणि आता हैदराबादचाही संघ दिल्लीला गेला आहे. त्यातली एक जर्सी आजही आमच्या मैदानावर सरावाला येते. ज्याने घेतली होती त्याचा धाकटा भाऊ ती घालतो, आणि ती कोणत्या संघाची, हे त्याला माहीत नाही.

याउलट पन्नासेक किलोमीटरवरचे कोल्हापूर पाहा. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी पिढ्यान्‌पिढ्या खेळत आहेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती उभ्या राहिलेल्या या संस्थांनी फुटबॉल आपला मानला, पेठेतल्या घराघरातून वर्गणी दिली जाते, आणि सामन्याला लोक तिकीट काढून येतात. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला तो याच मातीतून. कोल्हापुरात सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. ईर्ष्या डोक्यात जाते, मैदानावर दगड येतात, सामने थांबतात, आणि पंचाला संरक्षण देऊन बाहेर काढावे लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही इतक्या वर्षांत तिथे कोणी उठून सांगितले नाही की भागीदाराचा करार संपला म्हणून यंदा हंगाम नाही. कारण तिथला भागीदार म्हणजे मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ. महासंघाच्या दिल्लीतल्या कार्यालयातून कोणी अधिकारी लीगच्या अर्थकारणाचा अभ्यास करायला परदेशी जाणार असेल, तर त्याने वाटेत एकदा कोल्हापूरच्या गॅलरीत बसून जावे. चहा मी पाजतो.

सांगलीचे म्हणाल तर आपली कथा निराळी. येथे खेळ आहे, खेळाडू आहेत, मिरजेत आणि शहरात पोरे भल्या पहाटे मैदानावर येतात, पण खेळायला ठरलेला हंगाम नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातील एका स्पर्धेत आम्ही प्रवेश शुल्क भरले. आदल्या रात्री दहाला सामन्याची वेळ बदलल्याचा फोन आला. सकाळच्या पहिल्या एसटीने १६ मुलांना घेऊन पोहोचलो, तर मैदानावर कसल्याशा प्रदर्शनाचे मांडव पडलेले होते आणि गोलपोस्टला कनात बांधली होती. आयोजक म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ शुल्क परत मिळाले नाही. त्याचे एवढे वाटले नाही. परतीच्या गाडीत एका मुलाने आईला फोन करून आपण २-१ ने जिंकलो असे खोटेच सांगितले, ते मात्र अजून आठवते. दिल्लीत मंत्र्यांनी तारीख जाहीर करेपर्यंत जे चालले होते आणि त्या मांडवाच्या दारात जे झाले, त्यात रकमेचा फरक आहे, रीतीचा नाही.

राष्ट्रीय संघाच्या कामगिरीबद्दल थोडक्यात. २०२७ च्या आशिया चषकाच्या पात्रतेत आपण हाँगकाँगकडून हरलो, ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बांगलादेशकडून २२ वर्षांत पहिल्यांदा. क्रमवारीत १४२ वर घसरलो. प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांनी ऑगस्टमध्ये सूत्रे घेतली तेव्हा देशात हंगामच नव्हता. न खेळलेल्या खेळाडूंना घेऊन कोणता प्रशिक्षक काय करील? महिला संघाने मात्र ५ जुलैला चिआंग माईमध्ये थायलंडला २-१ ने हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली, तीही पहिल्यांदाच पात्रता फेरीतून. पुरुषांच्या लीगवर जेवढी शाई खर्च झाली तिच्या शतांशही त्या विजयावर झाली नाही, आणि यात आपले दैनिकही येते, हे नम्रपणे नोंदवतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की आपल्या देशात क्रिकेटपुढे काही चालत नाही. मला ते मान्य नाही. स्मृती मानधना आपल्या सांगलीची. गेल्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला त्या रात्री आम्हीही रस्त्यावर होतो. ती नवव्या वर्षी राज्याच्या १५ वर्षांखालील संघात गेली आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. तिच्यात असामान्य गुण होते हे खरेच, पण तिला चढायला पायऱ्या होत्या आणि त्या त्या वर्षी त्या जागेवर होत्या. महिला क्रिकेटला तेव्हा ना पैसा होता ना प्रेक्षक, तरी वयोगटांच्या स्पर्धा दरसाल झाल्या. माझ्या गोलरक्षकाला क्रिकेटने अडवलेले नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यभर फुटबॉलचा एक दिवस साजरा झाला तेव्हा शाळाशाळांना चेंडू मिळाले होते. आमच्याकडेही आले. चेंडू उत्तम होते. त्या दिवशी आमच्या मैदानावर फक्की मारून चार छोटी मैदाने आखली, मराठीच्या बाईंनीसुद्धा गोल मारला, फोटो निघाले. पुढे जिल्ह्यात या मुलांसाठी वर्षभर चालणारी शालेय लीग व्हावी असे आम्ही काही शिक्षक आपसांत बोलत राहिलो, पण लेखी पाठपुरावा आमच्यातही कोणी केला नाही. दोन पावसाळ्यांत चेंडूंची शिवण उसवली. ही चूक माझीही आहे आणि ती लपवून दिल्लीवर टीका करणे बरे दिसणार नाही.

आता मागणे. महासंघाने यंदाच्या हंगामाचा पै-पैचा हिशेब, किती आले, किती गेले, क्लबांनी किती भरले, तो हंगाम संपल्यावर महिन्याभरात सर्वांसमोर ठेवावा. भागीदार आला तर जरूर घ्यावा, पण प्रक्षेपण आणि जाहिरातीपुरता, आणि तोही तीन-चार वर्षांच्या बोलीने. वेळापत्रक, नोंदणी, पंच आणि तारीख या चार गोष्टी कोणालाही, कितीही कोटींना, पुन्हा खंडाने देऊ नयेत. महासंघाच्या कार्यकारिणीची मुदत सप्टेंबर २०२६ मध्ये संपते. त्या निवडणुकीत आपल्या राज्याचा प्रतिनिधी कोणाला मत देतो आणि का, हे राज्यातल्या क्लबांना आधी कळले पाहिजे. आणि जिल्ह्याजिल्ह्यांत, संघ आठ असोत की चार, एक लीग ठरल्या दिवशी सुरू होऊन ठरल्या दिवशी संपली पाहिजे. तिला दिवे नकोत, वाहिनी नको. मैदान आधी आरक्षित असावे, पंचाचे मानधन त्याच दिवशी हातात पडावे, आणि पाऊस आला तरी सामना केव्हा होणार हे त्याच संध्याकाळी सांगितले जावे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. क्रीडापानाच्या कोपऱ्यात आठवड्यातून एकदा, सोमवारी, जिल्ह्यातील फुटबॉल सामन्यांचे निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावे छापावीत. दहा ओळी पुरतील. गेल्या पंधरवड्यात आम्ही सहा संघांना एकत्र बसवून १ फेब्रुवारीपासून दर रविवारी सामने घ्यायचे ठरवले आहे. मैदानाची पावती फाडून घेतली आहे, वेळापत्रक छापून प्रत्येक संघाच्या हातात दिले आहे, आणि त्यावर मी स्वतः सही केली आहे. पहिला सामना सकाळी साडेसातला आहे, म्हणजे रात्रपाळी करून येणाऱ्या गोलरक्षकाला पोहोचता येईल. निकाल त्याच दुपारी कागदावर लिहून मी आपल्या सांगली कार्यालयात आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
विश्रामबाग, सांगली